मोगऱ्याची उन्हाळी छाटणी

मोगऱ्याचे फूल जुन्या लाकडावर नव्हे, नव्या फुटीवर येते. विहारापुढील ताटवे ज्यांनी सांभाळले, त्या माजी विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहेच. मोठी छाटणी हिवाळ्यात होते. परंतु चैत्रातला पहिला बहर ओसरल्यावर रोपाकडे दुर्लक्ष झाले, तर वैशाख पौर्णिमेच्या वंदनेसाठी फुले विकत आणावी लागतात.

सुकलेल्या फुलांच्या देठासह फांदीची केवळ दोन-तीन पेरे कापावीत. शेंड्यात तयार होणारे संप्रेरक खालच्या डोळ्यांची वाढ रोखून धरते. शेंडा गेला की पानांच्या बेचक्यांतील डोळे फुटतात आणि एका फांदीच्या दोन होतात. बी धरू नये म्हणून फुले खुडावीत, हा सर्वसाधारण सल्ला येथे गैरलागू आहे. मोगरा बहुधा बी धरतच नाही. कात्री धारदार हवी, काप डोळ्याच्या किंचित वर. छाटणी सायंकाळी करावी, नंतर पाणी आणि बुंध्याशी पालापाचोळा. पुन्हा कळ्या धरण्यास सुमारे महिना लागतो. म्हणून 14 एप्रिलचा कार्यक्रम आटोपताच, आणि पौर्णिमा लवकर असेल तर त्याआधीच, आम्ही कात्र्या वाटतो.

हिरवी फांदी कापताना लहान मुले कचरतात. ‘सर, ही हिंसा नव्हे का?’ हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. सुकलेली फुले गाळणाऱ्या वस्सिकेची, म्हणजे मोगऱ्याच्याच कुळातील वेलीची, उपमा धम्मपदाच्या भिक्खुवग्गात राग-द्वेषाच्या त्यागासाठी आली आहे. ती समजावून सांगतो. तरीही एखाद्याचा हात धजत नसेल, तर त्याच्याकडे पाण्याची झारी देतो.