आधी भांडं बघा, मग बटण दाबा

मायक्रोवेव्हबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात. ‘त्यातलं अन्न विषारी होतं’ हे एक, आणि ‘काहीही ठेवा, काही होत नाही’ हे दुसरं. घरी आणि ऑफिसच्या पॅन्ट्रीत वर्षानुवर्षं हे यंत्र वापरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: बहुतेक वेळा घोळ भांड्याचा असतो, यंत्राचा नाही.

१. यंत्राचं काम समजून घ्या

आतल्या लहरींची वारंवारता साधारण २४५० मेगाहर्ट्झ असते. त्या अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. दार उघडलं की लहरी थांबतात, अन्नात काही उरत नाही. साधी काच आणि चिनी माती यांतून लहरी आरपार जातात, धातूवरून मात्र परत फिरतात. कोणतं भांडं चालेल, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

२. स्टीलचा डबा बाहेरच राहू द्या

आपला रोजचा डबा स्टीलचा, म्हणून हा प्रश्न रोजचाच. डब्याच्या बाजूंवरून लहरी परततात, त्यामुळे भाजी नीट तापत नाही, आणि कडांपाशी ठिणग्या उडू शकतात. चमचा, काटा, पोळीभोवतीची फॉइल, तांब्या-पितळेची भांडी यांनाही हाच नियम. सोनेरी काठाच्या कपबशा तर हमखास विसरल्या जातात. पॅन्ट्रीत एकदा अशी बशी आत गेली. दोन-तीन सेकंदांत काठावरून तडतड आवाज आला, निळसर ठिणग्या नाचल्या आणि सोनेरी रेघेवर बारीक काळे ठिपके कायमचे उमटले. कन्व्हेक्शन मोडची गोष्ट वेगळी. तिथे गरम हवेने भाजलं जातं, त्यामुळे केकचं धातूचं भांडं चालतं, पण प्लॅस्टिक अजिबात नाही.

३. एका मिनिटाची परीक्षा घ्या

काच किंवा चिनी मातीच्या भांड्याबद्दल शंका असेल, तर ते रिकामंच आत ठेवा आणि शेजारी पाण्याने भरलेला काचेचा कप ठेवा. पूर्ण पॉवरवर एक मिनिट चालवा. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं, तर ते चालेल. भांडंच तापलं, तर ते बाद. प्लॅस्टिक आणि धातूसाठी ही परीक्षा नाही. बोरोसिलिकेट काच सगळ्यांत भरवशाची, तरी फ्रीजमधून काढलेलं गारठलेलं भांडं लगेच आत ढकलू नका. मेलामाइनच्या ताटल्या दिसायला चिनी मातीसारख्या असतात, पण मायक्रोवेव्हमध्ये त्या स्वतःच तापतात. त्या फक्त वाढायला वापरा.

४. प्लॅस्टिकचा आकडा वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका

तळाशी त्रिकोणात ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, उष्णता बऱ्यापैकी सोसणारं. पण आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच वापरा. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे साठवणीसाठी ठीक, तापवण्यासाठी नाहीत. तेलकट रस्सा पाण्यापेक्षा जास्त तापतो, म्हणून तर्रीची भाजी काचेच्या वाडग्यातच काढावी. थर्माकोल आणि छापील वर्तमानपत्र नकोच. वर्तमानपत्रात अन्न बांधू नका, असं देशाची अन्नसुरक्षा संस्थाही बजावत आली आहे.

५. वाफेला वाट ठेवा

घट्ट झाकण लावलेल्या डब्यात वाफ कोंडते आणि झाकण उडतं. झाकण सैल ठेवा. अख्ख्या बटाट्याला काट्याने टोचे मारा. कवचासकट अंडं कधीच ठेवू नका. उकडलेलं अंडंही पुन्हा तापवू नका, कारण बाहेर काढल्यावर, अगदी घास घेतानाही, ते फुटू शकतं. झाकण काढताना आपल्या विरुद्ध बाजूने उघडा.

६. शांत पाण्यावर विश्वास ठेवू नका

गुळगुळीत कपातलं पाणी उकळीच्या बिंदूपलीकडे तापूनही बुडबुडे न येता स्थिर राहू शकतं. त्यात कॉफीची पूड पडली की ते एकदम उसळतं आणि हात भाजतो. तापवण्याआधी कपात लाकडी चमचा ठेवा आणि नंतर अर्धा मिनिट थांबा.

७. ढवळा, थांबा, मग वाढा

लहरी अन्नात काही सेंटिमीटरच शिरतात आणि सगळीकडे सारख्या पोचत नाहीत. त्यामुळे भाताची कडा चटका देते आणि मध्य गार असतो. मध्येच एकदा ढवळा, शेवटी दोन मिनिटं झाकून ठेवा. शिळं अन्न आतपर्यंत वाफाळलं पाहिजे. बाळाची दुधाची बाटली मात्र यात ठेवूच नका. बाहेरून कोमट लागणाऱ्या बाटलीतलं दूध आत कढत असू शकतं. ती गरम पाण्याच्या भांड्यात धरा.

८. यंत्राची मर्यादा पाळा

रिकामा मायक्रोवेव्ह चालवू नका, लहरी उलटून त्या निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन बिघडू शकतो. दार नीट बसत नसेल किंवा जाळीला तडा असेल, तर वापर थांबवा. आत जाळ दिसला तर दार उघडू नका. आधी बंद करा, प्लग काढा, जाळ आपोआप विझू द्या. पत्रा उघडून दुरुस्ती स्वतः करू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरलेला असू शकतो. ते काम जाणकार मेकॅनिकचंच.

आज जेवणं आटोपली की कपाट उघडा, काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांची ती एका मिनिटाची परीक्षा घ्या आणि पास झालेली भांडी वेगळ्या फळीवर लावा. घरातली मुलं आणि आजी-आजोबा यांना ती फळी दाखवा. ‘यातलंच भांडं आत जाईल’ एवढा एक नियम घरात रुजला, की निम्म्याहून अधिक धोका टळतो.