‘अभिलेख आढळून येत नाही’ म्हटलं तरी थांबू नका

निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली, पण तिचे आणि तिच्यानंतरचे कागद अजून आपल्या डोक्यावर आहेत. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की बोट १९५४ च्या खासरा पत्रकावर जातं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला, त्यानंतर मराठा आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदींसाठीही लोक जुनी दप्तरं शोधायला लागले. कंधारला बाजाराच्या दिवशी चार माणसं भेटली, तर त्यातला एक तरी ‘रेकॉर्ड मिळेना’ असं सांगतो.

मला भावकीतल्या वाटणीसाठी आजोबांच्या नावची खासऱ्यातली नोंद हवी होती. रीतसर नक्कल अर्ज केला, तो पडून राहिला. मग माहिती अधिकारात अर्ज दिला. जिल्ह्यातल्या एका कार्यालयातून उत्तर आलं: ‘सदर अभिलेख आढळून येत नाही.’ खाली सही, शिक्का, संपलं. आमच्या भागात शंभरातली बरीचशी माणसं इथंच थांबतात. कुणी एजंट गाठतो, कुणी साहेबांच्या ओळखीचा माणूस शोधतो, कुणी ‘नशिबातच नव्हतं’ म्हणून घरी बसतो. पण माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात ‘सापडत नाही’ हे माहिती नाकारण्याचं कारण म्हणून कुठंच लिहिलेलं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात हेच सांगितलं: सरकारकडे एकदा असलेला कागद मिळत नसेल तर नीट शोध घ्या, आणि गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवा.

म्हणून पहिलं अपील केलं. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत ते करायचं असतं, २० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. अपिलात भांडण मांडलं नाही, प्रश्न मांडले. हा कागद कोणत्या वर्गाचा आहे? (‘अ’ वर्गातले कागद कायमचे जपायचे असतात.) शोध कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कपाटात घेतला? नष्ट केला असेल तर नष्ट केलेल्या कागदांच्या नोंदवहीची प्रत द्या. शेवटी मागणी केली की मला स्वतःला अभिलेख कक्षात पाहू द्या. कलम २(ञ) प्रमाणे पाहणी हाही माहितीच्या अधिकारातलाच भाग आहे, आणि महाराष्ट्रात पाहणीचा पहिला तास फुकट असतो.

सुनावणीनंतर पाहणीचा आदेश मिळाला. आमच्या गावाच्या नावाची गावं दोन आहेत, बुद्रुक आणि खुर्द; आमचं खुर्द. खुर्दचा गठ्ठा उघडला तर त्यात आमचे सर्व्हे नंबरच नव्हते. तिथल्या एका जुन्या लिपिकाने स्वतःहून बुद्रुकचा गठ्ठा खाली काढला. फडकं सोडलं, वाळवीने कडा खाल्लेली पानं एकेक उचलली, आणि मधेच आमच्या गावाची पानं निघाली. कधीतरी कुणीतरी चुकीच्या गठ्ठ्यात बांधून ठेवली होती. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, क्षेत्र, सगळं स्पष्ट. नकलेला पानामागे दोन रुपये.

आता दुसरं उत्तर सांगतो, कारण ते वाढत जाणार आहे: ‘ही वैयक्तिक माहिती आहे.’ २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही लिहिलेलं होतं. नोव्हेंबर २०२५ पासून ते सगळं गेलं, उरले फक्त ‘वैयक्तिक माहिती’ हे शब्द. माझ्या मते हे नागरिकाचं मोठं नुकसान आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो मान्य केला, आणि कुणी दुसऱ्याचा आधार क्रमांक किंवा आजाराची कागदपत्रं मागत असेल तर त्याला नकार मिळायलाच हवा. पण रस्त्याच्या कामाची देयकं आणि घरकुलाची यादी त्याच पडद्याआड जाऊ नये. अशा वेळी दोन कलमं अर्जात लिहा. कलम ८(२): नुकसानीपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. कलम ८(३): २० वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दलच्या माहितीला मोजकेच अपवाद लागतात, आणि ‘वैयक्तिक’ हा त्यातला नाही. १९५४ च्या कागदाला हे उत्तर देता येत नाही.

अर्ज लिहिताना नियम लक्षात ठेवा: एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत, १० रुपयांचं स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही. ‘सगळी माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. गाव, बुद्रुक की खुर्द, वर्ष, गट नंबर आणि कागदाचं नाव लिहा. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, कुणी विचारलं तरी. अर्जाची पोच घ्याच, कारण उत्तराचे ३० दिवस तिथूनच मोजायचे असतात. पहिल्या अपिलात न्याय मिळाला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाता येतं; विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड करू शकतो. आणि कागद मुद्दाम गायब केल्याचं दिसत असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, ती अपिलात नमूद करा.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांची तोंडी विनंती लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, कलम ६ मध्ये ते आहे. तरीही म्हातारी माणसं एकटी जायला कचरतात. शिकलेल्या पोरापोरींनो, सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात जिल्हा आणि तालुक्याच्या कार्यालयांत अर्ज न करताही कागद पाहता येतात, असा २०१८ चा शासन निर्णय आहे. येत्या सोमवारी आपल्या गल्लीतल्या एका आजी-आजोबांना सोबत घेऊन जा.