स्मृतिभ्रंश आणि कोलेस्टेरॉल : जन्मजात वारशाची साक्ष

काळी नदीवरील धरणाने जुने सुपा गाव पोटात घेतले, त्याला आता चार दशके होत आली. रामनगरास वसलेल्या वृद्धांच्या मनांत ती पेठ अद्याप उभी आहे. परंतु काही घरांत आजोबांस ती पेठ दुकानवार आठवते आणि सकाळी जेवल्याचे मात्र आठवत नाही. आपण त्यास म्हातारपण म्हणून सोडून देतो. वस्तुतः हा विकार होय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात साठीपुढील सुमारे ८८ लक्ष लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत.

रक्तातील कोलेस्टेरॉलचा ह्याच्याशी संबंध असावा, असा वैद्यांस फार दिवसांचा संशय होता. पण हिशेब जुळत नसे. विकार उघड होण्यापूर्वी कित्येक वर्षे रोग्याचे वजन व कोलेस्टेरॉल आपोआप उतरू लागते. मग उतारवयातील आकडे पाहून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे कसे ठरवावे?

येथे जनुके साक्षीस आली. आईबापांकडून कोणता दाणा आपल्या पदरी पडावा, हे गर्भातच ठरते; पुढे होणारा रोग तो बदलू शकत नाही. काहींस जन्मतःच अशी जनुके लाभतात की स्टॅटिनसारखी औषधे जे कार्य करतात, ते त्यांच्या देहात आयुष्यभर थोडे थोडे चालू असते. ब्रिस्टल व कोपनहेगन येथील संशोधकांनी सुमारे दहा लक्ष व्यक्तींची माहिती पडताळून २०२५ साली दाखविले की अशांपैकी काही जनुकांच्या धन्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळतो.

ह्यावरून उद्याच गोळी सुरू करावी, असे मात्र नव्हे. जनुकांचा लाभ जन्मभराचा असतो. वृद्धांस काही वर्षे स्टॅटिन देऊन केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत स्मरणशक्तीत फरक दिसला नव्हता. म्हणून मध्यम वयातील आकडाच अधिक मोलाचा वाटतो. २०२४ साली 'लॅन्सेट' आयोगाने धोक्यांच्या यादीत घातला तोही मध्यम वयातील वाढलेला एल.डी.एल. हाच.

आपण शाकाहारी, आपणांस तपासणी कशाला, असे पेढीवर वारंवार ऐकू येते. पण कोलेस्टेरॉल केवळ ताटातून येत नाही; यकृत ते स्वतः तयार करते, आणि किती करावे ह्यात वारशाचा हात असतो. तुपाचा आग्रह नि गादीवरची बैठक त्यात भर घालतात, ते निराळेच!

वरील संशोधन मुख्यतः युरोपीय लोकांवरचे आहे. एपीओई नामक जनुक कोलेस्टेरॉल वाहून नेण्याच्या कामी येते. त्याचा चौथा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवितो, हे १९९३ साली कळले. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत तो प्रकार अमेरिकेतील लोकांपेक्षा विरळ आढळला, तरी जेथे होता तेथे रोगाशी नाते तेवढेच घट्ट होते. आपल्याच राज्यात, कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर येथे, बंगळूरचे मेंदू संशोधन केंद्र पंचेचाळिशीपुढील दहा हजार ग्रामस्थांची रक्त, जनुके व स्मरणशक्ती वर्षानुवर्षे तपासण्याचे कार्य करीत आहे.