क्ष-किरण तपासणीची चिठ्ठी आणि वैद्याचे उत्तरदायित्व

प्रास्ताविक

त्रिविध परीक्षेने निदान करण्याचे शिक्षण आपणा सर्वांस मिळालेले आहे. तथापि अस्थिभग्नाचा संशय आला, कास जीर्ण झाला, अश्मरीची शंका आली की आपणही एक्स-रे अथवा सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहितो. ती लिहावयास अर्धे मिनिट पुरते. तिच्यामुळे रुग्णाच्या शरीरास किरणोत्सर्गाची काही मात्रा मिळणार आहे, हा विचार मात्र क्वचितच मनात येतो. आमच्या मनात तो कसा आला, हे प्रथम सांगणे उचित होईल.

रुग्णवृत्त

काही वर्षांपूर्वी दिंडोशी येथील आमच्या चिकित्सालयात २६ वर्षे वयाची एक विवाहित स्त्री कटिशूलाची तक्रार घेऊन आली. आम्ही कटिप्रदेशाचा एक्स-रे लिहून दिला. मासिक पाळीची तारीख विचारण्याचे आमच्याकडून राहून गेले. ती विचारली एक्स-रे केंद्रातील तंत्रज्ञाने. पाळी दहा दिवस लांबली होती. त्याने एक्स-रे न काढता रुग्णेस परत पाठविले. मूत्रपरीक्षेने गर्भधारणा निश्चित झाली.

दुसऱ्या दिवशी पती व सासूबाई चिंतित होऊन आल्या. तीन आठवड्यांपूर्वी ज्वर व कासासाठी अन्यत्र तिच्या छातीचा एक्स-रे काढलेला होता. मूल व्यंग घेऊन जन्मेल, असे शेजारच्यांनी सांगितले होते. ‘गर्भ पाडून टाकावा का?’ हा त्यांचा प्रश्न होता. आम्हांस खात्रीपूर्वक उत्तर देता आले नाही. दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि अभ्यासास बसलो.

मात्रेचे मान

आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने गर्भावस्था व वैद्यकीय किरणोत्सर्ग या विषयावर २००० साली स्वतंत्र प्रकाशन काढले (क्रमांक ८४). त्यातील आकडे प्रत्येक वैद्याने टिपून ठेवण्याजोगे आहेत. गर्भास मिळणारी मात्रा अशी :

छातीचा एक्स-रे : ०.०१ मिलिग्रेपेक्षा कमी.
कटिकशेरुकांचा एक्स-रे : सरासरी १.७, जास्तीत जास्त १० मिलिग्रे.
उदराचे सीटी स्कॅन : सरासरी ८, जास्तीत जास्त ४९ मिलिग्रे.
श्रोणीचे सीटी स्कॅन : सरासरी २५, जास्तीत जास्त ७९ मिलिग्रे.

गर्भास मिळालेली मात्रा १०० मिलिग्रेपेक्षा कमी असल्यास केवळ किरणोत्सर्गाच्या कारणाने गर्भपात करणे समर्थनीय नाही, असे आयोगाने स्पष्ट म्हटले आहे. आमच्या रुग्णेच्या गर्भास मिळालेली मात्रा या मर्यादेच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी होती. स्त्रीरोगतज्ज्ञांशी विचारविनिमय करून आम्ही कुटुंबास हे समजावून दिले. गर्भ राखला गेला. ती कन्या आज शाळेत जाते.

मग तंत्रज्ञाने रुग्णेस परत पाठविले ते अनावश्यक होते काय? नाही. टाळता येण्याजोगी मात्रा टाळणे हेच सुरक्षेचे सूत्र आहे. शिवाय आघात, ज्वर, बलक्षय अथवा पायातील बधिरता यांपैकी एकही लक्षण नसलेल्या त्या कटिशूलात एक्स-रेची गरजच नव्हती. दोष आमच्या चिठ्ठीत होता.

आंतरराष्ट्रीय सहकार्य

राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लावला. त्यानंतर थोड्याच काळात ते हाताळणाऱ्यांच्या हातांवर व्रण दिसू लागले. १९२८ साली स्टॉकहोम येथील क्ष-किरणतज्ज्ञांच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत संरक्षणासाठी समिती नेमली गेली. तीच आजच्या आयोगाची पूर्वज होय. या आयोगाने १९७७ साली तीन तत्त्वे एकत्र मांडली : तपासणीस सबळ कारण असावे, मात्रा शक्य तितकी अल्प असावी आणि मात्रेस मर्यादा असावी. पैकी तिसरे तत्त्व कर्मचारी व जनता यांच्यासाठी आहे. रुग्णास ते लागू होत नाही, कारण आवश्यक तपासणी मर्यादेमुळे अडू नये. म्हणूनच रुग्णाचे रक्षण पहिल्या दोन तत्त्वांवर अवलंबून राहते.

डिसेंबर २०१२ मध्ये जर्मनीतील बॉन येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने परिषद भरविली. तीतून त्या संस्थेने व जागतिक आरोग्य संघटनेने मिळून दहा कृतींचे आवाहन प्रसृत केले. त्यांत पहिली कृती सबळ कारणाच्या तत्त्वाची अंमलबजावणी दृढ करण्याची आहे. हे कारण प्रथम पाहावयाचे असते चिठ्ठी लिहिणाऱ्याने, म्हणजे आपण.

आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. त्याचे कार्यालय आपल्याच मुंबईत, अणुशक्तीनगर येथील नियामक भवनात आहे. एक्स-रे यंत्र चालविण्यास या मंडळाची अनुमती लागते. कर्मचाऱ्याच्या अंगावरील टीएलडी बॅज व खोलीबाहेरील लाल दिवा ही या व्यवस्थेचीच दृश्य चिन्हे होत.

व्यवसायात पाळावयाचे नियम

१. या तपासणीने चिकित्सेत काय बदलेल, हे चिठ्ठीपूर्वी स्वतःस विचारावे.
२. प्रजननक्षम वयाच्या प्रत्येक स्त्रीस पाळीची तारीख विचारून ती चिठ्ठीवर लिहावी.
३. पूर्वीच्या फिल्म व अहवाल मागवून पाहावेत. उदराच्या एका सीटी स्कॅनची मात्रा सुमारे ८ ते १० मिलिसीव्हर्ट असते, छातीच्या एका एक्स-रेची सुमारे ०.०२. म्हणजे एक स्कॅन चार-पाचशे एक्स-रेंच्या बरोबरीचे होते.
४. सोनोग्राफी वा एमआरआयने काम भागत असेल तर त्यांचा विचार आधी करावा. त्यांत क्ष-किरण नसतात.
५. बालकांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. त्यांच्या वाढत्या धातूंवर किरणांचा परिणाम अधिक होतो.
६. आवश्यक तपासणी मात्र भीतीपोटी टाळू नये. राजयक्ष्म्याचा संशय असता छातीचा एक्स-रे न काढणे हाच मोठा अपाय होय.

उपसंहार

औषधाची मात्रा ठरविताना आपण वय, बल, काल यांचा विचार करतो. किरणांची मात्रा डोळ्यांना दिसत नाही, एवढ्याने तिचा विचार सुटू नये. स्टॉकहोमपासून बॉनपर्यंत झालेले सारे कार्य त्या दिवशी दिंडोशीतील एका तंत्रज्ञाच्या एका प्रश्नात उतरले होते. तो प्रश्न विचारण्याचे काम वस्तुतः आमचे होते. तेव्हापासून आमच्या चिठ्ठीवर पाळीच्या तारखेसाठी एक ओळ छापलेली आहे. वाचक वैद्यांनीही आपापल्या चिठ्ठीवर ती छापून घ्यावी, एवढीच विनंती.