बिडी-सिगारेट सोडणाऱ्याला साथ कशी द्यावी?



३१ मे हा जागतिक तंबाखू विरोधी दिन. त्या दिवशी आपल्या शाळांना सुट्टी असते, म्हणून शपथ, घोषणा, प्रभातफेरी हे सगळं शाळा उघडल्यावर केव्हातरी होतं. "धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे" हे वाक्य चौथीतल्या मुलालाही पाठ असतं. आणि खरं सांगायचं तर जो रोज ओढतो त्यालाही ते पाठ असतं! तेव्हा माहिती नाही म्हणून कोणी ओढत नाही. अडचण पुढे आहे. घरातल्या किंवा स्टाफरूममधल्या एखाद्याने "आजपासून बंद" असं ठरवलं, तर त्याच्या शेजारच्या माणसाने काय करायचं? हे आपण कुठेच शिकवत नाही.

आधी शरीरात काय होतं ते थोडक्यात पाहू. धूर आत ओढला की साधारण दहा सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचतं आणि क्षणभर बरं वाटतं. रोजच्या सवयीने मेंदू त्याची वाट बघायला लागतो. मग अचानक बंद केलं की चिडचिड, बेचैनी, झोप न लागणं, कामात लक्ष न लागणं, सारखी भूक लागणं असे त्रास सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वात जास्त असतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात.

पालकहो, हा तिसरा दिवस लक्षात ठेवा. बाबा पाण्याचा पेला सांडला म्हणून मुलावर ओरडतात, आईला वाटतं, "सोडून उपयोग काय, हे तर जास्तच तापट झाले." मग वैतागून तोंडातून निघतं, "ओढा बाबा एकदाची, पण आमचं डोकं खाऊ नका." झालं! चार दिवसांची कमाई तिथेच गेली. घरात आधीच सांगून ठेवा, की हा आठवडा बाबांना जड जाणार आहे आणि त्याचं कारण हे आहे. मुलांना कारण कळलं की ती मोठ्यांपेक्षा जास्त समजूतदार वागतात, हा आपल्या सर्वांचाच वर्गातला अनुभव आहे.

दुसरी गोष्ट तलफेची. तलफ लाटेसारखी येते, काही मिनिटं टिकते आणि ओढलं नाही तरी जाते. सोबत असलेल्याचं काम एवढ्या काही मिनिटांचंच आहे. बोलत बसा, पाणी द्या, शाळेच्या मैदानाला एक फेरी मारून या. उपदेशाला त्यात जागाच नाही.

आमच्या केंद्रातल्या दोन सरांनी एकाच दिवशी सिगारेट सोडायचं ठरवलं. दोघांची मधल्या सुट्टीतली टपरी एकच, चहाही एकच. त्यांनी पहिल्यांदा टपरी सोडली, चहा स्टाफरूममध्येच करायला लागले. (त्याआधी चहा नको म्हणून सरबत करून पाहिलं, पण ते दोन दिवसांवर चाललं नाही.) ठरलं असं, की हात खिशाकडे गेला की आधी दुसऱ्याला फोन करायचा. फोनवर काय बोलायचं हे काही ठरलेलं नव्हतं. पावसापाण्यापासून ऑनलाइन माहिती भरण्याच्या कटकटीपर्यंत काहीही चालायचं.

अकराव्या दिवशी त्यातल्या एकाने लग्नात दोन सिगारेटी ओढल्या आणि दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं. इथे दुसरे सर जे वागले ते मला फार मोलाचं वाटतं. "शेवटी केलंसच ना" असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वाजता? सोबत कोण होतं? तेव्हा तू काय करत होतास?" उत्तर निघालं : जेवण झाल्यावर, मंडपाच्या मागे, जुन्या मित्रांबरोबर, काहीच काम नसताना. पुढच्या लग्नात हे सर पंगतीत वाढायला उभे राहिले. दोन्ही हात भाताच्या भांड्यात अडकलेले, मंडपाच्या मागे जायला सवडच नाही! एकदा घसरलं म्हणजे सगळं संपलं असं मुळीच नाही. बहुतेकांना कायमचं सुटण्याआधी अनेकदा प्रयत्न करावे लागतात.

सोबतीचा हा परिणाम संशोधनातही दिसला आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या बारा हजारांहून अधिक लोकांची सुमारे तीस वर्षांची माहिती निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी तपासली आणि २००८ साली मांडली. नवरा-बायकोपैकी एकाने सोडलं तर दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी, मित्राने सोडलं तर ३६ टक्क्यांनी आणि भावंडाने सोडलं तर २५ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. लहान कार्यालयातल्या सहकाऱ्यांमध्ये हा आकडा ३४ टक्के होता. आपली दोन-चार शिक्षकांची शाळा त्या लहान कार्यालयातच मोडते, नाही का?

आता थोडं कडू बोलते. मुलांना घरातले पोलीस करू नका. "बाबांनी ओढलं की कॅलेंडरवर फुली मारा" असा उपक्रम काही शाळांत होतो. एका मुलीच्या घरी महिनाभर एकही फुली नव्हती, कारण बाबा एसटी स्टँडवर ओढून, बडीशेप चघळत घरी यायचे. मुलीला वास येत होता, पण ती गप्प राहिली. उपक्रमाची फाईल छान झाली आणि घरात खोटं सुरू झालं. त्यापेक्षा मुलाने बाबांना विचारावं, "आज जास्त त्रास कधी झाला?" आणि ऐकावं. पत्र लिहून घ्यायचं असेल तर त्यात आजारांची यादी नको, बाबांबरोबर काय करायला आवडतं ते असू द्या. आणि मुलाला बिडी-काडीपेटी आणायला टपरीवर पाठवणं आधी थांबवा. २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालच्यांना तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आतही विक्रीला बंदी आहे.

आपल्याकडे आणखी एक फसगत होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले जेमतेम ४ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, पण तंबाखू खाणारे-लावणारे सुमारे २४ टक्के! त्यामुळे सिगारेट सुटते आणि तळहातावर तंबाखू-चुना येतो. निकोटीन तेच, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. नवऱ्याला सिगारेट सोड म्हणणारी बाई स्वतः सकाळी मिश्री लावत असेल, तर दोघांनी एकाच दिवशी सुरुवात करावी. मग कोणी कोणाला टोमणे मारायचा प्रश्नच येत नाही.

सोबतीने भागत नसेल तर औषधाची मदत जरूर घ्या. निकोटीनचा च्युइंग गम मिळतो, पण तो साध्या गमसारखा चघळत राहायचा नसतो. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालाच्या कोपऱ्यात ठेवायचा, मग पुन्हा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा-कॉफी नको. हृदयविकार असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सरकारची मोफत हेल्पलाइन २०१६ पासून आहे, नंबर १८००-११-२३५६. हा नंबर २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. तेव्हा शेवटचं पाकीट फेकण्याआधी तो दोघांच्याही मोबाईलमध्ये सेव्ह करून घ्या.