मुलांच्या हाती भिंग

प्रश्न : दुसरीच्या मुलांना भिंगातून सगळे धूसरच दिसते. मोठी भिंगे आणावीत का?
– एक शिक्षिका, जयसिंगपूर

उत्तर : नवी भिंगे आणण्याची गरज नाही. वस्तू किती मोठी दिसेल, हे भिंगाच्या रुंदीवर नव्हे, तर फुगीरपणावर ठरते. धूसरपणाचे कारण सहसा अंतर असते. भिंग डोळ्याजवळ स्थिर धरून वस्तू हळूहळू जवळ आणली, की ती स्पष्ट दिसते. ३ ते ५ पट मोठे दाखवणारे प्लॅस्टिकचे भिंग या वयाला पुरते.

सुरुवातीला उसाचे पान चांगले. कडेचे बारीक दाते भिंगातून उठून दिसतात. मात्र कड धारदार असल्याने तिच्यावरून बोट फिरवू देऊ नये. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग भिंगातून पाहून दोन चित्रे काढल्यास निरीक्षण पक्के होते.

भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. भिंगे उन्हात ठेवल्यास आग लागू शकते.