लग्नाची कॅसेट मोबाइलमध्ये घालण्याआधी

बदलापूरहून सीएसएमटी गाठायचं म्हणजे सव्वा-दीड तासाचं काम. २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला, त्याआधी आमच्या डब्यात सिनेमा चालायचा तो मेमरी कार्डावरून. कार्ड 'भरून' मिळायचं उल्हासनगरातल्या दुकानांत. तो माल चोरीचाच असायचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण कार्ड भरताना कायदा कुणाला आठवतो?

अशाच एका दुकानात घरच्या कॅसेटही मोबाइलसाठी करून मिळत. अंबरनाथचा माझा मामेभाऊ, आमचा दादा, आपल्या लग्नाची व्हीएचएस घेऊन तिथे गेला. तीन तासांचं लग्न थ्रीजीपी फाइल होऊन हातात आलं, जेमतेम पावणेदोनशे एमबीचं. दुकानदार म्हणाला, "आता कॅसेट कशाला सांभाळता साहेब, बुरशी येईल." दादाने ती रद्दीबरोबर देऊन टाकली.

तेव्हाच्या नोकियाच्या इवल्याशा पडद्यावर सगळं छान दिसायचं. पुढे पुतणीचं लग्न ठरलं आणि तिला आईच्या शालूचे काठ बघायचे होते. आताच्या मोबाइलवर वहिनीच्या जागी नुसते चौकोन हलत होते. शालू लाल होता, एवढंच कळलं. सनई तर ऐकवेना.

कारण साधं आहे. ती फाइल १७६ बाय १४४ ठिपक्यांची होती. कॅसेट नीट उतरवली, तर ७२० बाय ५७६ ची फाइल मिळते, म्हणजे सोळा पटींहून जास्त ठिपके. सेकंदाला पंचवीस चित्रांची पंधराच उरली होती, आणि आवाज दाबला होता 'एएमआर'मध्ये. ते तंत्र फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेलं. सनई त्यात कोंबली की काय होणार? एकदा टाकलेला तपशील कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. 'एचडी करून देतो' म्हणणारा यंत्राच्या अंदाजाने नवा चेहरा रंगवून देतो, आणि तो वहिनीचा असेलच असं नाही.

आता नात्यातल्या, शेजारच्या कॅसेटी आणि डीव्हीडी मी घरीच उतरवून देतो. दुकानात देणार असाल, तर दोन फाइली मागा: एक मोठी, घरी ठेवायची, दुसरी त्या मोठीवरून केलेली, मोबाइलसाठी. लहान फाइलवरून आणखी लहान कधीच करू नका, दर वेळी चित्र झिजतं. मोठीसाठी एमपी४, एच.२६४ आणि सेकंदाला चारेक मेगाबिट सांगितलं तरी घरगुती व्हीएचएसला पुरतं. तीन तासांचे साडेपाच जीबीच्या आसपास होतात. इथे एक अडचण येते: ३२ जीबीपर्यंतची कार्डं बहुधा फॅट३२ पद्धतीची असतात आणि त्यांवर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. कार्ड खराब आहे म्हणून लोक बदलायला धावतात. फाइलचे दोन भाग करा, झालं.

कार्ड खरंच खोटं असू शकतं, ती गोष्ट वेगळी. वर ६४ लिहिलेलं आणि आत आठच. भरताना ते तक्रार करत नाही, जुन्यावरच नवं लिहीत जातं. म्हणून एकदा काठोकाठ भरायचं, सगळं परत संगणकावर घ्यायचं आणि पहिलीपासून शेवटचीपर्यंत सगळ्या फाइली उघडून बघायच्या.

जुन्या चित्रात हात हलला की कंगव्यासारख्या रेषा दिसतात, कारण त्या पद्धतीत प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत नोंदलेलं असतं. रूपांतर करतानाच 'डीइंटरलेस' सांगायचं. आणि पडदा भरावा म्हणून चित्र आडवं ताणू देऊ नका. सगळं वऱ्हाड जाडजूड दिसतं. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. डाउनलोड केलेली एखादी फाइल फोनवर चालत नसेल, तर रूपांतराच्या मागे लागण्याआधी व्हीएलसीमध्ये उघडून बघा. बहुतेक वेळा तिथेच काम संपतं.

आणि मूळ कॅसेट ठेवा. दुकानदाराचं बुरशीबद्दलचं म्हणणं मात्र खरं होतं. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी नद्या घरांत शिरल्या, तेव्हा माळ्यावरच्या कॅसेटी पाण्यातून वाचल्या, पण नंतरची ओल त्यांना भोवली. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरट पूड दिसली, तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी साफ करून देणारा शोधा. ती पूड यंत्राच्या हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली, तेव्हा नवं यंत्र मिळणार नाही. शेजारी व्हीसीआर मागायला आले, तर आधी त्यांची कॅसेट उजेडात धरून बघा.